स्वस्तातल्या अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलले, पण फरक नेमका कशाने पडला?

मंद्रसप्तक

नमस्कार. या विभागात आजवर मी केवळ वाचक होतो. धागा पहिल्यांदाच काढतो आहे, तेव्हा प्रश्न लांबला तर सांभाळून घ्यावे.

गेल्या दिवाळीत एका परिचितांकडून मी व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, छोटा अँप्लिफायर विकत घेतला. बनावट चिनी आणि ताकद प्रत्येक बाजूला जेमतेम तीन वॉट. पुढे ६एन४ हा एकच लहान व्हॉल्व्ह असून त्याचे दोन अर्धे डाव्या-उजव्या बाजूंना वाटून दिले आहेत, आणि मागे प्रत्येक बाजूला एकेक ६पी१४ आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, दार लावून, रात्री हळू आवाजात ख्याल ऐकणाऱ्या माणसाला एवढी ताकद पुरून उरते. तक्रार एकच होती, ती म्हणजे हमिंग, स्पीकरमधून सतत येणारी खर्जातली घुमघुम. भावगीत लावले तर ते जाणवतही नसे. पण काळी एकमध्ये लावलेला तानपुरा सुरू झाला की त्याच्याखाली कोणीतरी उतरलेला पंचम धरून बसल्यासारखे वाटे आणि दोन्ही सुरांच्या झटापटीत आवाजाला सेकंदाला तीन-चार हेलकावे बसत. हमिंग दोन्ही बाजूंना होते, डावीकडे थोडे अधिक.

व्हॉल्व्ह बदलले की हे जाईल असे ऐकल्यावरून मी पुढे स्लोव्हाकियात बनलेला ईसीसी८३ आणि मागे त्याच कारखान्याची ईएल८४ची जोडी बसवली. तिन्ही एकाच संध्याकाळी बदलले, आणि बदलताना सॉकेटही पुसून घेतली. पहिल्याच आलापाला आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला, सारंगी जवळ आल्यासारखी वाटली; हमिंग मात्र होते तिथेच राहिले. वर आता डाव्या ईएल८४च्या आतला पत्रा दिवा मालवल्यावर किंचित लालसर दिसतो.

जुन्या इंग्लिश मुलार्ड व्हॉल्व्हवर पैसे घालावेत का, हे मला विचारायचे आहे. ६एन४च्या जागी ६एन२ही चालतो असे एका विक्रेत्याच्या जाहिरातीत लिहिले आहे, तर एका मित्राने १२एयू७ लावून पाहा असे सुचवले आहे. यांतले काय खरे धरावे?

कोथरूडकर

अभिनंदन, आणि या व्यसनात स्वागत. माझ्याकडे याहून स्वस्त प्रकरण आहे: दोन ६जे१ व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर, बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा. त्यात मी वर्षभरात तीन वेळा व्हॉल्व्ह बदलले आणि तिन्ही वेळा आवाज सुधारला असे मला वाटले. मुलार्ड जरूर घ्या, असे मी म्हणेन.

रोहिणी_क

मंद्रसप्तक, मुलार्ड राहू द्या. आधी अँप्लिफायर बंद करा आणि पुढचे वाचून होईपर्यंत चालू करू नका. पत्रा लाल दिसणे ही आवडीनिवडीची बाब नाही. ईएल८४च्या प्लेटने, म्हणजे त्याच पत्र्याने, १२ वॉटपर्यंत उष्णता सोसावी असे माहितीपत्रक सांगते. प्लेट लाल दिसते आहे याचा अर्थ तो व्हॉल्व्ह त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला आहे, आणि असाच चालू ठेवला तर व्हॉल्व्ह जाईलच, पण त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकेल. एकवेळ व्हॉल्व्ह नवा मिळेल, त्या ट्रान्सफॉर्मरची जोडी मिळणार नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे उलट्या क्रमाने देते. १२एयू७ आणि ६एन४ यांच्या पिना सारख्याच आहेत आणि हीटरही (आतली तापणारी तार) तोच आहे, त्यामुळे तो बसेल, पेटेल आणि आवाजही देईल. परंतु ६एन४ म्हणजे चिनी नावाने आलेला १२एएक्स७, अर्थात ईसीसी८३. त्याचा वर्धनांक, म्हणजे संकेत वाढवण्याची क्षमता, १०० आहे, तर १२एयू७चा १७ ते २०. सीडी प्लेअरमधून येणारे दोन व्होल्ट पाहता एवढे कमी वर्धनही पुरले असते, आणि आवाजाचे बटण आज जे घड्याळाच्या आठ-नऊच्या काट्यावरच अडकत असणार ते अधिक सोयीने फिरले असते. अडचण निराळी आहे. भोवतालचे रेझिस्टन्स १२एएक्स७च्या मिलिअँपिअरभर प्रवाहासाठी निवडलेले असतात. १२एयू७ त्याच जागी कितीतरी अधिक प्रवाह ओढतो, त्याच्या प्लेटवरचे व्होल्टेज खाली बसते आणि आवाज विकृत होऊ लागतो. कमी वर्धनच हवे असेल तर ५७५१ हा प्रामाणिक पर्याय आहे. त्याचा वर्धनांक ७०च्या आसपास आहे आणि बाकी स्वभाव १२एएक्स७शी पुष्कळ जुळतो.

६एन२ची जाहिरात मात्र दिशाभूल करणारी आहे. १२एएक्स७च्या हीटरचे दोन तुकडे असतात आणि त्यांचा मधला सांधा नवव्या पिनेवर काढलेला असतो. म्हणूनच चौथी व पाचवी पिन एकत्र जोडून, त्यांच्या आणि नवव्या पिनेच्या मध्ये ६.३ व्होल्ट देता येतात. ६एन२चा हीटर चौथ्या-पाचव्या पिनेतच संपतो आणि नवव्या पिनेवर दोन अर्ध्यांमधला पडदा असतो. अशा सॉकेटमध्ये तो लावला तर हीटरच्या दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज मिळेल आणि तो पेटणारच नाही. हीटरला १२.६ व्होल्ट देणाऱ्या सॉकेटमध्ये लावला तर तो पेटेल खरा, पण दुप्पट व्होल्टेजवर आणि फार थोडा वेळ. काही सर्किटच्या पाट्यांवर दोन्ही प्रकारांसाठी जंपर दिलेला असतो, तेवढाच अपवाद. याचा भाऊ म्हणावा असा दुसरा सापळा मागच्या बाजूला आहे: ६पी१ आणि ६पी१४ दोन्ही नऊ पिनांचेच, नावात एका आकड्याचा फरक, आणि जोडणी मात्र पूर्ण वेगळी. नऊ पिना बसल्या म्हणजे व्हॉल्व्ह जुळला, असा अर्थ कधीच काढू नये.

आता मोजमापाचे. मल्टीमीटर असेल आणि अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसीच्या जवळ हात नेण्याची सवय असेल तरच पुढे जा. नसेल तर ही यादी जाणत्या माणसाकडे न्या. पेटी उघडण्याआधी वायर भिंतीतून काढायची. पुरवठ्यातली लहर गाळणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये साठलेली वीज वाट पाहून जाईल या भरवशावर राहायचे नाही, मीटरने खात्री करायची आणि उरली असेल तर पाच-दहा किलोओमच्या पाच वॉटच्या रेझिस्टन्समधून ती उतरवायची. मोजताना मीटरची काळी तार क्लिपने चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, लावून एक हात खिशात ठेवायचा. स्पीकर जोडलेले नसताना हा अँप्लिफायर कधीही चालवायचा नाही. मला पाच आकडे हवे आहेत: रात्री घरातल्या विजेचा दाब (व्होल्टेज) किती असतो, ट्रान्सफॉर्मरवर किती व्होल्ट लिहिले आहे, हीटरला किती मिळतात, आणि दोन्ही ईएल८४च्या प्लेटवर व कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर) किती आहेत. लाल होणारा व्हॉल्व्ह मोजण्यापुरताच, अर्धा-एक मिनिट चालवा.

जुनारेडिओ

मी ठाण्याचा. तरुणपणी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसत असे, आता डोळे आणि बोटे दोन्ही थकली आहेत. रोहिणीताईंनी सांगितलेले सर्व बरोबर आहे, त्यात माझी एक भर.

त्या काळी मर्फीचा कारखाना आमच्या ठाण्यातच होता आणि दुकानात येणाऱ्या दहा सेटपैकी बऱ्याच सेटांत शेवटचा व्हॉल्व्ह ईएल८४च असे. हे व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही होत. त्या कारखान्याने १९६१ साली व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, आणि त्याचे ईएल८४ आज परदेशातले लोकही शोधून घेतात असे नातू दाखवतो. गिऱ्हाईक सांगायचे, "आवाज फाटतो, व्हॉल्व्ह गेला असेल." आम्ही नवा लावायचो, आठ दिवस बरे चालायचे आणि तोही लाल. मग वस्तादांनी शिकवले की व्हॉल्व्ह बिचारा बदनाम होतो, चोर दुसराच असतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाहाला लगाम घालणाऱ्या जाळीवर, आवाज पोचवणारा जो कंडेन्सर असतो, त्याने फक्त एसी जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. तो झिरपू लागला की ग्रिडवर दोन-चार व्होल्ट अधिकचे चढतात, ग्रिडचा लगाम सुटतो आणि व्हॉल्व्ह मनाला येईल तेवढा प्रवाह ओढतो. तेव्हा रोहिणीताईंच्या पाच आकड्यांत सहावा घाला: ईएल८४च्या ग्रिडवर, म्हणजे दुसऱ्या पिनेवर, चासीच्या तुलनेत किती व्होल्ट आहेत. गाणे बंद असताना तिथे शून्य असले पाहिजे.

काही आकडा दिसलाच तर डावा-उजवा व्हॉल्व्ह आपसांत बदलून पुन्हा मोजा. आकडा व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेला तर दोष व्हॉल्व्हचा. डावीकडेच राहिला तर कंडेन्सरचा.

व्हॉल्व्ह काढण्याबद्दलही सांगतो, कारण मोडतोड तिथेच होते. बंद केल्यावर पंधरा मिनिटे हात लावू नये. काढताना गोल गोल हलवू नये. सरळ वर, अगदी थोडे मागे-पुढे करत. गोल हलवले की पिनेच्या मुळाशी काचेला केसाएवढी चीर जाते, ती डोळ्यांना दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी डोक्यावरचा चांदीसारखा डाग दुधासारखा पांढरा झालेला असतो. तो डाग म्हणजे आत उरलेली हवा शोषायला ठेवलेले बेरियम. पांढरा पडला की आत हवा शिरली. तो व्हॉल्व्ह कपाटात शोभेला ठेवायचा.

लीड्सवासी

मुलार्डच्या प्रश्नावर इथून दोन शब्द. इंग्लंडमध्ये मोटारीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकणारे जे रविवारचे बाजार भरतात, त्यांत मी बरीच वर्षे जुने व्हॉल्व्ह शोधत फिरलो आहे. मुलार्डचा मोठा कारखाना लँकेशरमध्ये ब्लॅकबर्न इथे होता. तिथल्या व्हॉल्व्हच्या काचेवर तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. खालच्या ओळीतले पहिले 'बी' हे ब्लॅकबर्नचे अक्षर, मग वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचे अक्षर आणि आठवड्याचा आकडा. बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेले नाव हा पुरावा नव्हे, कारण ती छपाई अंगठा घासला तरी निघते आणि निघालेल्या जागी वाटेल ते पुन्हा छापता येते. उलट एखाद्या जुन्या व्हॉल्व्हवरचे नाव कोणी अतिउत्साहाने ओल्या फडक्याने पुसून टाकलेले असते आणि तो अस्सल असूनही कवडीमोलाने मिळतो. असे दोन मला मिळाले आहेत.

दुसरे असे की आज नव्या खोक्यात 'मुलार्ड' किंवा 'टंग-सोल' असे नाव असलेला व्हॉल्व्ह बहुधा रशियातल्या सारातोवचा असतो. जुनी नावे एका अमेरिकी कंपनीने विकत घेतली आहेत आणि त्या नावांखाली ती तिथे नवे व्हॉल्व्ह बनवते. हे व्हॉल्व्ह वाईट नसतात, पण त्यांचा ब्लॅकबर्नशी संबंध नावापुरता. मार्च २०२२मध्ये रशियाने निर्यात थांबवल्याची बातमी आली तेव्हा गिटार वाजवणाऱ्यांसकट सगळ्यांनी साठेबाजी केली आणि भाव जे चढले ते पुरते उतरले नाहीत. तुमचे स्लोव्हाकियातले व्हॉल्व्ह नव्या उत्पादनात चांगलेच आहेत. माझ्या मते तीन वॉटच्या पेटीत तिच्या किमतीएवढे मुलार्ड घालणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार. अँप्लिफायर त्याच दिवशी बंद केला. मोजमाप माझ्या एका सहकाऱ्याच्या उपस्थितीत केले. ते विद्युत विभागात असल्यामुळे खिशात हात ठेवण्याची सवय त्यांना आधीपासूनच आहे.

रात्री अकरा वाजता घरातला दाब २४६ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवर २२० लिहिलेले आहे. हीटरवर ७.० व्होल्ट. प्लेटवर उजवीकडे २८५, डावीकडे २७८. कॅथोडवर उजवीकडे १०.१ व्होल्ट, डावीकडे १२.८. दोन्हीकडचा कॅथोडचा रेझिस्टन्स २२० ओम. ग्रिडवर उजवीकडे शून्य आणि डावीकडे ३.८ व्होल्ट. व्हॉल्व्ह आपसांत बदलले तरी ३.८ डावीकडेच राहिले. जुनारेडिओ काका, तुमच्या वस्तादांना इथूनच नमस्कार.

रोहिणी_क

हे आकडे एखाद्या पाठ्यपुस्तकात घालावेत इतके बोलके आहेत. कॅथोडवरचे व्होल्ट भागिले रेझिस्टन्स म्हणजे व्हॉल्व्हमधला एकूण प्रवाह: उजवीकडे सुमारे ४६ मिलिअँपिअर, डावीकडे ५८. यातला पाच-सहा मिलिअँपिअर दुसऱ्या ग्रिडचा वजा करा आणि उरलेल्याला प्लेट व कॅथोडमधल्या व्होल्टेजने गुणा. उजवीकडे ११.३ वॉट येतात, डावीकडे १३.८. म्हणजे डावा मर्यादेच्या पुरता पलीकडे आणि उजवा अगदी उंबरठ्यावर.

डाव्याचा दोष काकांनी सांगितलेल्या कंडेन्सरचा. तो बदला आणि जोडीने उजवाही बदला. दोन्ही ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिनचे घ्या. किंमत चहा-पोह्यांइतकी आहे. तुमचा जुना डावा ६पी१४ही याच कंडेन्सरपायी इतके दिवस तापत असणार, तो फक्त लाल होण्याइतका दमदार उरला नव्हता. नवा व्हॉल्व्ह दमदार होता म्हणून दोष डोळ्यांना दिसला.

दुसरा दोष घराच्या विजेचा, आणि आपल्याकडे हा लाखात एक नव्हे तर घरोघरी भेटतो. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २४६ दिले की सर्व व्होल्टेज जवळपास बारा टक्क्यांनी चढतात. हीटरसाठी ६.३ व्होल्ट, त्याच्या दहा टक्के वर-खाली, अशी सर्वसाधारण मर्यादा असते. वरची हद्द ६.९३ होते आणि तुम्ही ७वर आहात. अशाने कॅथोडवरचा लेप लवकर संपतो. पुढे कोणताही महागडा व्हॉल्व्ह आणलात तरी तो याच भट्टीत शिजणार आहे. उपाय सोपा आहे: २३० व्होल्टला २४ व्होल्ट देणारा, एक अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि त्याचे २४ व्होल्ट मुख्य पुरवठ्याच्या उलट दिशेने मालिकेत जोडायचे. २४६मधून साधारण २६ वजा होऊन २२० उरतात. हे काम बंद पेटीत, फ्यूजसह आणि जाणत्या माणसाकडूनच व्हावे. दिशा चुकली तर व्होल्ट वजा होण्याऐवजी वाढतात, म्हणून अँप्लिफायर जोडण्यापूर्वी बल्ब लावून मोजून घ्यावे.

हमिंगचा शोध यानंतर घ्या. दोन्ही कंडेन्सर बदलल्यावर, आधी मुळीच नाही, पुढचा लहान व्हॉल्व्ह काढून ठेवून अँप्लिफायर काही सेकंद चालवा. हमिंग गेले तर ते पुढून येत होते; राहिले तर ते मागच्या टप्प्याचे किंवा पुरवठ्याचे आहे. आधी नको, कारण तो व्हॉल्व्ह काढल्यावर झिरपणाऱ्या कंडेन्सरवर पूर्ण व्होल्टेज येते आणि डावा आणखी भडकेल. तुमचे वर्णन वाचून माझा अंदाज पुरवठ्याकडे झुकतो. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ती एसीचा डीसी करणाऱ्या डायोडच्या पुलातून गेली की उरणारी लहर १०० हर्ट्झची. काळी एकच्या तानपुऱ्यात पहिली तार पंचमाला लावलेली असेल तर तिचा सूर सुमारे १०४ हर्ट्झला येतो. १०४ आणि १०० एकत्र वाजले तर सेकंदाला चार हेलकावे. तुम्हाला ऐकू येणारा 'उतरलेला पंचम' अलंकारिक नाही, अक्षरशः खरा आहे. एकेरी आउटपुट व्हॉल्व्हच्या रचनेत ही लहर कापली जात नाही; दोन व्हॉल्व्ह समोरासमोर जोडलेल्या रचनेत ती बरीचशी आपोआप कापली जाते.

कोथरूडकर

हेलकाव्यांचे गणित वाचून थक्क झालो. पण मंद्रसप्तकांना आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला त्याचे काय? तो तर व्हॉल्व्ह बदलल्यामुळेच ना?

लीड्सवासी

तीन व्हॉल्व्ह, सॉकेटची सफाई आणि कदाचित आवाजाची पातळी, एवढ्या सर्व गोष्टी एका संध्याकाळी बदलल्या. यांतले श्रेय कोणाला द्यायचे? आवाज एखाद्या डेसिबलने वाढला तर कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. जुना ६एन४ दमलेला असेल तर नव्याने आवाज वाढणारच. मोजणे अवघड नाही: ४०० हर्ट्झचा सूर लावायचा, बटण न हलवता स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजायचे, व्हॉल्व्ह बदलून पुन्हा मोजायचे, आणि मग बटण फिरवून दोन्ही वेळचा आकडा एक टक्क्याच्या आत जुळवूनच ऐकायला बसायचे. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल.

रोहिणी_क

कोथरूडकर, तुमच्या ६जे१चेही बोलूनच टाकू. हा व्हॉल्व्ह मुळात ६एके५चा वंशज आहे, आणि ६एके५ वेस्टर्न इलेक्ट्रिकने दुसऱ्या महायुद्धात रडारच्या उच्च कंपनसंख्येच्या कामासाठी काढला. त्याच्या प्लेटला १८० व्होल्टपर्यंत चालतात. तुमच्या पेटीत बारा व्होल्टच्या अडॅप्टरवरून फार तर काही दशक व्होल्ट मिळत असतील. इतक्या उपाशी व्हॉल्व्हमध्ये नमुन्यानमुन्यांत फरक पडतो हे खरे, पण तो बहुधा गोंगाट, दोन बाजूंचा समतोल आणि टिचकी मारल्यावर येणारा घंटेसारखा नाद यांत दिसतो. एक करून पाहा: पेटी उघडून व्हॉल्व्हच्या खाली डोकावा.

बदलायचेच असेल तर ५६५४, ईएफ९५, ६एके५ आणि रशियन ६झेडएच१पी हे जुळतात; यांचे हीटर प्रत्येकी सुमारे १७५ मिलिअँपिअरचे आहेत. ५७२५ दिसायला तसाच असला तरी त्याच्या सातव्या पिनेवर कॅथोड नसून तिसरा ग्रिड असतो. ६एयू६चा हीटर ३०० मिलिअँपिअर घेतो. दोन लावले तर अडॅप्टर आणि आतला रेग्युलेटर दोन्ही घामाघूम होतील.

कोथरूडकर

डोकावलो. प्रत्येक सॉकेटच्या मधोमध एक नारिंगी एलईडी आहे. गेले वर्षभर मी मित्रांना ज्याची 'व्हॉल्व्हची ऊब' म्हणून ओळख करून देत होतो ती हीच. अडॅप्टर चालू करताच ती 'ऊब' क्षणात उजळते, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते; खरा हीटर लाल व्हायला वेळ घेतो.

जुनारेडिओ

मनाला लावून घेऊ नका. पूर्वी रेडिओच्या काट्यामागे दिवा असे तो काही स्टेशन पकडत नसे, पण तो गेला की लोक सेट दुरुस्तीला आणतच.

मंद्रसप्तक

तीन आठवड्यांनी हिशेब देतो आहे.

दोन्ही कंडेन्सर बदलून घेतले. डाव्या ग्रिडवर आता शून्य आहे. लहान व्हॉल्व्ह काढून पाहिले तरी हमिंग राहिले, म्हणून मुख्य फिल्टर कंडेन्सर तपासला. १०० मायक्रोफॅराडचा तो मीटरवर ६१ दाखवत होता. त्याच्या जागी २२० मायक्रोफॅराड, ४५० व्होल्टचा बसवला. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बंद पेटीत घालून उलटा जोडला. आता हीटरवर ६.३, प्लेटवर दोन्हीकडे २५५च्या आसपास, कॅथोडवर ९.१ आणि ९.२ व्होल्ट. रोहिणीताईंच्या रीतीने गुणाकार केला तर दोन्ही व्हॉल्व्ह नऊ वॉटवर येतात. अंधारात पत्रा दिसत नाही, फक्त मधली हीटरची लाल रेघ दिसते. स्पीकरला कान लावला तर हमिंग किंचित ऐकू येते, पण खुर्चीत बसल्यावर येत नाही. तानपुऱ्याचा पंचम एकटाच आहे.

आता त्या मोकळ्या झालेल्या आवाजाविषयी. लीड्सवासी यांनी सांगितल्याप्रमाणे ४०० हर्ट्झच्या सुरावर मोजले: जुन्या ६एन४ने ०.८६ व्होल्ट, नव्या ईसीसी८३ने १.०० व्होल्ट. सव्वा डेसिबलहून थोडा अधिक फरक. मागे जुनी जोडी ठेवून, फक्त पुढचा व्हॉल्व्ह बदलत आणि पातळी जुळवत, चार रात्री रोज दोन वेळा ऐकले. व्हॉल्व्ह बहीण बदलत असे आणि मी तोवर बाहेर असे. दर वेळी पेटी गार होण्याची वाट पाहावी लागे, त्यामुळे एका रात्री दोनाहून अधिक फेऱ्या जमल्या नाहीत. आठपैकी चार वेळा मी बरोबर ओळखले. बहिणीचे म्हणणे असे की तिने रुपया उडवला असता तरी एवढेच जमले असते, आणि तेही अर्ध्या वेळात.

सॉकेटची सफाई मात्र खरी उपयोगी ठरली असावी. उजवीकडे पूर्वी अधूनमधून होणारी खरखर त्या संध्याकाळपासून नाही, आणि जुना ६एन४ परत लावल्यावरही ती आली नाही.

सध्या ईएल८४ची नवी जोडी आणि पुढे जुना ६एन४ अशी मांडणी ठेवली आहे. कमी वर्धनामुळे बटण थोडे अधिक फिरते आणि रात्री हळू ऐकताना ते सोयीचे पडते. ईसीसी८३ खोक्यात घालून ठेवला आहे.

लीड्सवासी

आठ फेऱ्या थोड्याच झाल्या, त्यावरून मी कोणताही ठाम निष्कर्ष काढणार नाही. पण पातळी न जुळवता लिहिलेल्या शंभर अभिप्रायांपेक्षा त्या मला अधिक विश्वासार्ह वाटतात. ईसीसी८३ला पेन्सिलने हलकी टिचकी मारून पाहिलीत का? गोंगाटात आणि नादात दोघांत फरक असेल तर तो तिथे कळेल.

मंद्रसप्तक

पाहिली. ६एन४ अधिक घणघणतो. तरीही तोच ठेवतो आहे. स्पीकर शेल्फवर आहेत आणि अँप्लिफायर वेगळ्या तिपाईवर, त्यामुळे ऐकताना त्रास होत नाही.

सचिन_सांगली

धागा एका बैठकीत वाचला. माझ्याकडेही अशीच पेटी आहे, दाब रात्री २५०पर्यंत जातो. हे कंडेन्सर सुटे कुठे मिळतात? ऑनलाइन घ्यायला भीती वाटते.

जुनारेडिओ

मुंबईला येणे होत असेल तर ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोड, पुण्याला गेलात तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली. फिल्टरचा कंडेन्सर घेताना आधी जुन्याचा व्यास आणि उंची मोजून न्या, नवा पेटीत बसला पाहिजे. आणि ग्रिडवरून चासीला जाणारे रेझिस्टन्स पेटी उघडीच आहे तोवर मोजून घ्या. ते ४७० किलोचे असतील आणि त्यांतला एखादा मेगाओमच्या पुढे सरकला असेल, तर नवा कंडेन्सर घालूनही ग्रिड जागेवर राहणार नाही.